चौथी खूण

बाकीच्या बायका कुणाच्या घरी गेल्या की भांडी बघतात. आमची कावेरी भिंतीवरची बंदूक बघायची. नळीच्या तोंडात बोट घालायची, दस्त्यावर तळवा फिरवायची आणि घरमालकाला तोंडावर सांगायची, "ही वऱ्हाडातली हाय. तुमचे आजोबा हैद्राबादची म्हणून सांगत असतील, तर थाप मारली त्येंनी." मग आम्हाला चहा अर्धा कपच मिळायचा.

ती होती तोवर मी कधी तिचं नाव घेतलं नाही. आता घेतो. आता ओ देत नाही.

तिचा बाप पाथरीला ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचा. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरायचे आणि गजानं ठासायचे, ती जुनी बंदूक. कावेरी भात्यापाशीच वाढली. मी तिसरीतून शाळा सोडली, तिनं शाळा पाहिलीच नाही. पण बंदुकीचा मुलूख ती हातानं वाचायची. "आपल्याकडचा कारागीर नळी पितळंच्या पट्ट्यानं आवळतो. वऱ्हाडातला कातड्याची वादी गुंडाळतो. माणूस आपली बोली लपवील, बंदूक न्हाई लपवत."

सासऱ्यांनी स्वतः बांधलेली शेवटची बंदूक आमच्याकडे आली, बोरी गावाजवळच्या शेतात रानडुकरं हाकायला. लायसन माझं, नेमही माझा, त्यामुळं डुकरं सुखात होती. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. आचारसंहिता डुकरांना नसते.

एका निवडणुकीनंतर मी सही करून बंदूक घरी आणली. कावेरी भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं दस्ता चाचपला.

"अवो, ही कोणाची आणली?"

"आपलीच. वीस वर्षं खांद्यावर हाय माझ्या."

"मग खांद्याला ईचारा. उद्या बाजारातून दुसऱ्याची बायको आणचाल अन् म्हणचाल, आपलीच हाय."

भाकरी तव्यावर तशीच टाकून ती निघाली. बापाच्या हातचं तेवढंच एक काम शिल्लक होतं. ठाण्यात बंदुकांना बांधलेल्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या आणि नळीवरचे नंबर गंजले होते. हवालदार हसला. "आजी, वळखाल का?"

तिनं पदर डोळ्यांवर बांधला. टेबलावर सात बंदुका होत्या. पाचवीवर हात थांबला. "ही. पट्ट्या पाच, मधली रुंद. ती तांब्याची हाय, बापाजवळचं पितळ सरलं व्हतं. तोंड धोतऱ्याच्या फुलावानी पसरट. अन् दस्त्याला अंगठ्यापुरता खळगा." जरा थांबून म्हणाली, "चौथी बी खूण हाय." हवालदारानं रॉकेलनं नंबर घासून पाहिला. जुळला. मग त्यानं तिला खुर्ची दिली. मी उभाच होतो.

येताना एसटीत विचारलं, "चौथी कोणची?"

"समदंच तुमाला सांगितलं, तर माजी काय गरज उरंल?"

पुढं दर निवडणुकीला विचारलं. दर वेळी हेच.

गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. शेवटी शेवटी दुखणं सोडून बंदुकीचं विचारायला मला लाज वाटली. मग निवडणूक आली आणि गेली. बंदूक आणायला एकटाच गेलो. मीही डोळ्यांवर रुमाल बांधला. हवालदार नवा होता. म्हणाला, "बाबा, डोळे आले का?" तिन्ही खुणा हाताला लागल्या. तीच उचलली, सही केली.

घरी आल्यावर सवयीनं चुलीपाशी नेऊन धरली. मग पिठाचा हात न लागताच खुंटीला अडकवली.

आता रोज दुपारी ती मांडीवर घेऊन बसतो. नळी, पट्ट्या, घोडा, दस्ता, सगळं चाचपून झालं. चौथी खूण सापडत नाही. नसेलच बहुतेक. बाईनं मला इतकी वर्षं नुसतं खेळवलं असेल.

तरी नळीखाली गज खोचतात ती खाच राहिली आहे. ती उद्या बघायची.