दोन वाचनांच्या मधे

आत्या बारामतीच्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात होती. मी पुण्याहून रजा टाकून आले होते. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, लोणी देवकरच्या कंपनीतली पाळी बदलून घेऊन आला होता. आत कुणाला सोडत नसत. बाहेर हॉलमधे भिंतीवर एक मोठा स्क्रीन होता. त्यावर पेशंटचं नाव आणि पुढं प्रकृती. स्थिर, गंभीर, सुधारणा. अधूनमधून तो ताजा व्हायचा, तशा हॉलमधल्या सगळ्या माना वर व्हायच्या.

आमच्या शेजारी सुप्याची एक बाई बसायची. तिचे सासरे आत होते. तिची भाकरी आम्ही खायचो, आमच्या थर्मासमधला चहा ती प्यायची. ओळख एवढीच, पण अशा ठिकाणी ती पुरते.

त्या दुपारी स्क्रीन बदलला आणि आत्याच्या नावापुढं शब्द आला, 'मयत'.

असला शब्द मुळात भिंतीवर लावूच नये. आतेभाऊ उभा होता तो भिंतीला टेकत खाली बसला. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेजारी सुप्याची बाई फोनवर सासूला सांगत होती, "आत्याबाई, आबांस्नी बरं हाय! बोर्डावर सुधारणा आलीया!" मग तिनं आमच्याकडं बघितलं, फोन बंद केला आणि पटकन माझ्या भावाचा हात धरला.

मी दार ढकलून आत घुसले. सिस्टर ओरडली. मी थांबले नाही.

आत्या उशीला टेकून बसली होती. मास्क काढलेला, डोळे टक्क उघडे.

"तुजं तोंड का असं पांढरं पडलंय गं?" ती म्हणाली.

मला हसूही येईना, रडूही येईना. मी नुसती तिचा पाय धरून उभी राहिले. तेवढ्यात कळलं, की ती तिच्या जागेवर नाही. दाराच्या फटीतून मी तिला रोज कोपऱ्यातल्या खाटेवर बघायचे, आता ती दाराजवळच्या खाटेवर होती. कोपऱ्यातल्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

"तिथं कोण?" मी सिस्टरला विचारलं.

"सुप्याचे आजोबा. सकाळी दोघांच्या खाटा बदलल्या, कोपऱ्यातलं मशीन त्यांना लागत होतं. मगाशीच गेले. डॉक्टर आता बाहेर सांगायला निघालेत."

मी धावत बाहेर आले. डॉक्टरांच्या आधी स्क्रीनच ताजा झाला होता. आत्यापुढं 'सुधारणा', सुप्याच्या आजोबांपुढं 'मयत'. सुप्याची बाई फोन हातात धरून वर बघत होती.

"मग मगाशी सुधारणा आली ते कोण हुतं वो?" तिनं मला विचारलं.

तेवढ्यात डॉक्टर आले आणि तिला बाजूला घेऊन गेले. काय झालं असावं, याचा मला अंदाज आला होता. डेटाबेस हेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या कम्प्युटर विभागातल्या माणसाला गाठलं. त्यानं प्रोग्राम दाखवला. स्क्रीन आधी डेटाबेसमधून वाचायचा, कोण कुठल्या खाटेवर. मग वेगळं वाचायचा, कुठल्या खाटेवर प्रकृती कशी. सिस्टरनं सकाळची अदलाबदल आणि दोघांची प्रकृती, सगळं दुपारी एकाच नोंदीत भरलं होतं. ती नोंद नेमकी या दोन वाचनांच्या मधे पडली. खाटा जुन्या, प्रकृती नवी; म्हणून आजोबांचं मरण आत्याच्या नावापुढं आलं आणि आत्याची सुधारणा आजोबांच्या.

"दोन्ही वाचनं एका ट्रान्झॅक्शनमधे, एकत्र बांधून, का नाहीत?" मी विचारलं.

"मॅडम, आपण फक्त वाचतोय. काही बदलत नाही. वाचायला कशाला ट्रान्झॅक्शन?"

हे वाक्य मी ऑफिसात कितीदा ऐकलंय. एकच वाचन असेल तर ते खरंही आहे. पण दोन वाचनं जोडून एक वाक्य तयार होत असेल, तर दोन्ही एकाच क्षणाची हवीत. नुसतं ट्रान्झॅक्शन गुंडाळूनही भागत नाही. पहिल्या वाचनाच्या वेळचं चित्रच शेवटपर्यंत दाखव, असं डेटाबेसला बजावून सांगावं लागतं. मी त्याला काल काय झालं ते सांगितलं. तो खुर्चीत मागं टेकला. मग त्यानं माझ्यासमोरच बदल केला, आणि वरिष्ठांना विचारून 'मयत' हा शब्द स्क्रीनवरून कायमचा काढला.

आत्या कळंबला घरी आली. तिला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. मी आणि आतेभाऊ सुप्याला भेटायला गेलो. ती बाई ओसरीवर बसली होती. तिचा प्रश्न अजून तिथंच होता, म्हणून मी जमेल तसं सांगितलं, खाटांचं, नोंदीचं, मधल्या क्षणाचं.

"म्हंजी मुद्दाम कुणी केलं न्हाय," ती म्हणाली.

"नाही."

तिनं पदर सारखा केला. "व्हय. पर मी फोन केला हुता ना. सासूबाईंनी लगीच देवापुढं साखर ठिवली. आळीत वाटली. लोक तोंड गोड करत हुते आन् मी दुसरा फोन लावला."

आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.