फाटकाबाहेर थांबलेले सर

बेहेरे सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर लिहिणारे पुष्कळ जण असतील, आणि ते माझ्याहून चांगले लिहितील. मी त्यांची विद्यार्थिनी. आमची पहिली ओळख झाली ती परळच्या कॉलेजात, बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षी. "अहो सावंत, फळ्याकडे या," असे सर म्हणाले आणि मी मागे वळून पाहिले. लालबागच्या आमच्या चाळीत लहानथोर सगळेच मला अगं-तुगं करीत. अहो म्हणण्याजोगी दुसरी कोणी सावंत मागे बसली असावी, असे मला वाटले. "तुम्हीच," सर शांतपणे म्हणाले. "तुमच्या मागे भिंत आहे." वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. मी फळ्याजवळ पोचेपर्यंत ते हातात खडू धरून उभे राहिले.

तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत संगणक थोडे आणि विद्यार्थी फार. पाळी येईपर्यंत आम्ही हात बांधून बसावे हे सरांना पसंत नव्हते. ते आम्हाला व्हरांड्यात एका ओळीत उभे करीत. प्रत्येकाने उजवीकडच्याची उंची पाहायची, तो आपल्याहून बुटका असेल तर त्याच्याशी जागा बदलायची, आणि सगळी ओळ चढती लागेपर्यंत हे चालू ठेवायचे. संगणक आकड्यांचा क्रम कसा लावतो हे मी त्या व्हरांड्यात शिकले. शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम "तुमच्याकडे पी.टी.चा तास असतो का हो?" असे विचारून जात. एकदा एका मुलाने चेष्टेने टाचा उंचावल्या आणि ओळ चुकीची लागली. सर म्हणाले, "बघा, खोटी माहिती दिली की यंत्र निमूटपणे खोटं उत्तर देतं. उद्या नोकरीत 'कॉम्प्युटरची चूक झाली' असं म्हणालात, तर मला भेटायला येऊ नका." आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी हेच ऐकवते, पण सरांसारखे, आवाज न चढवता ऐकवणे मला अजून जमलेले नाही.

पदवीचे शेवटचे सहा महिने एखाद्या कंपनीत जाऊन काम करायचे, अशी आमच्या अभ्यासक्रमात अट होती. कागदावर ती फार छान दिसे. प्रत्यक्षात गिरणगावातल्या मुलांना दारात उभे करायला कंपन्या तयार नसत. सर गिरगावात राहत. सुट्टीच्या दिवसांत ते तिथून चालत फोर्टात जाऊन कचेऱ्यांचे जिने चढत. एका साहेबांनी आमच्या इंग्रजीविषयी शंका काढली, तेव्हा सरांनी विचारले म्हणे, "तुम्हाला भाषणं हवीत की प्रोग्रॅम?" अशी भांडून मिळवलेली एकेक जागा ते आमच्यात वाटत.

माझ्या वाट्याला आलेली कंपनी लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात होती. जुनी शेड रंगवून, एसी लावून तिथे टेबले मांडलेली. आणि नेमके त्याच गिरणीच्या विणकाम खात्यात माझे बाबा होते.

ब्याऐंशी साली गिरणी कामगारांचा संप झाला तेव्हा मी पाळण्यात होते. बाबा संपावर गेले ते पुन्हा कामावर गेले नाहीत. त्यांचे काही सोबती हळूहळू परतले, पण बाबा शिवडीच्या गोदामात ओझी उचलू लागले. पुढे गिरणीही बंद पडली. मात्र संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही, असे बाबा म्हणत, आणि ते खरेच होते. म्हणून संप चालू, आणि संप चालू असताना घरातल्या कोणीही गिरणीचे फाटक ओलांडायचे नाही, हा आमच्या घरचा कायदा. बाबा त्या रस्त्याने गेलेच तर पलीकडच्या फुटपाथने जात.

"थंय जावचा नाय," बाबा म्हणाले.

"अवो, गिरण बंद पडान वर्सां झाली," आई म्हणाली.

"गिरण बंद पडली. संप खंय बंद पडलो?"

बाकी जागा भरून गेल्या होत्या आणि कंपनीच्या दाखल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. मी रडतच सरांना सांगितले. त्यांनी फक्त आमचा पत्ता विचारला.

त्या रविवारी सर आमच्या खोलीत आले, खाटेवर बसले आणि दुपारभर बाबांकडून संपाची हकीकत ऐकत राहिले. शेवटी बाबांनी विचारले, "सर, तुमी शिकलेले. तुमीच सांगा, संप मागे घेतलो काय?"

सरांनी विचार केला. "नाही. मी तरी तसं ऐकलेलं नाही."

"मगे पोरग्येन आत कसा जावचा?"

"जाऊ नये," सर म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी बाजू मांडायला आलेला माणूस चहा पिऊन समोरच्या पक्षाला जाऊन मिळाला होता! पण सर मला जिन्यापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, "तुम्ही कॉलेजात बसून काम करा. नेण्या-आणण्याचं मी बघतो."

मग सर माझ्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या एका डब्यात घालून कंपनीत पोचवू लागले. जाऊन फाटकाशी उभे राहत आणि तिथला इंजिनिअर बाहेर येई. माझ्या चुकांची चर्चा फुटपाथवर होई, आणि त्या चुका सर मला परत येऊन समजावून सांगत. हे फार दिवस चालण्याजोगे नव्हतेच. मुलगी येऊन आमच्यात बसली नाही तर दाखला देणार नाही, असे कंपनीने कळवले. सरांनी ते मला स्पष्ट सांगितले आणि बाबांना सांगू नका असेही बजावले. पदवी हातची गेली असे मी धरून चालले.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाबा पलीकडच्या फुटपाथवरून जात होते. भर उन्हात डबा घेऊन उभे असलेले सर त्यांना दिसले. बाबा रस्ता ओलांडून आले. "सर, तुमी आत कित्याक जाणा नाय?"

"संप चालू आहे ना?" सर म्हणाले.

बाबा घरी आले. जेवताना मान वर न करता म्हणाले, "उद्यापासून तू आत जा. तुझ्या सरांका उन्हात उभे करू नको. संप माझो आसा. तुझो नाय."

त्या रात्री मला आनंद झाला की वाईट वाटले, हे आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी आत गेले.

शेवटच्या दिवशी कंपनीत परीक्षकांसमोर प्रकल्प सादर करायचा होता आणि पालकांनाही बोलावले होते. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि फाटकाशी थांबले. मी आत गेले. मार्गदर्शकाची खुर्ची रिकामी होती. सर कुठे आहेत असे परीक्षकांनी दोनदा विचारले. मला ठाऊक नव्हते. मी सुरुवात केली आणि सगळे सांगून संपवले.

बाहेर आले तर फाटकाजवळच्या पायरीवर बाबा आणि सर शेजारी शेजारी बसलेले. बाबा दोन्ही हात हलवून त्यांना मागावर सुताचा धोटा कसा धावतो ते दाखवत होते.

"सर, तुम्ही आत का नाही आलात?" मी विचारले.

"मी सांगतंय यांका जावा, ते आयकणत नाय," बाबा म्हणाले.

सर उठून जरा बाजूला झाले. "कसं झालं ते आधी यांना सांगा, सावंत. मला मागाहून सांगितलंत तरी चालेल."

बाबा आता नाहीत. शेवटपर्यंत ते त्या फाटकातून आत गेले नाहीत. त्यांना हट्टी म्हणणारे आमच्या नात्यात पुष्कळ होते. तुमचे बरोबर आहे असे सांगणारे एकटे बेहेरे सर भेटले, आणि त्यांनी माझी पदवीही बुडू दिली नाही. सरांचे गुडघे धड राहोत, झोप शांत लागो, आणि निरोगी शंभरी त्यांना आमच्या सगळ्यांच्या देखत लाभो. माझ्या बाबांच्या वतीनेही मी हेच मागते.