दोन सीटचं लढाऊ विमान

तळेगाव ढमढेऱ्यात स्वतःचं लढाऊ विमान असलेला माणूस एकच, आणि ते माझे साडू. विमान कॉम्प्युटरच्या खेळातलं आहे हे खरं, पण तसं त्यांच्या तोंडावर म्हणून बघा! माझ्या हातून ही चूक एकदा झाली. "काय पाव्हणं, गेम कसा चाललाय?" असं मी आपलं सहज विचारलं, तर साडूंनी हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही शाळेत हेडक्लार्क. मी कवा इचारलं का तुम्हाला, कागदांचा खेळ कसा चाललाय म्हणून?" त्यानंतर आठवडाभर अबोला. तसा तो लक्षात यायलाही आठवडाच लागतो, कारण साडू मुळात बोलतातच कमी. रांजणगावच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला आहेत. मशीन अडलं की सगळे त्यांच्याकडे पळतात. साडू येतात, मशीनच्या अंगावर हात ठेवून डोळे मिटतात आणि "बेअरिंग" एवढं एक बोलून परत जातात. बेअरिंगच गेलेलं असतं. खऱ्या विमानात ते आजवर बसलेले नाहीत. मी एकदा बसलोय, तर परत आल्यावर त्यांनी मला अर्धा तास फैलावर घेतलं. उतरताना पंखाच्या मागच्या फळ्या किती खाली आल्या, चाकं कधी उघडली, पुढचं चाक आधी टेकलं का मागची. मी म्हटलं, मला बिस्किटाचे दोन पुडे मिळाले. तेव्हापासून विमानाच्या बाबतीत त्यांनी माझं नाव टाकलंय.

विमानाचं बस्तान कांद्याच्या वखारीत. एका अंगाला कांदा, दुसऱ्या अंगाला हवाई दल. बसायला भंगारातली ट्रॅक्टरची सीट, धरायला ट्रॅक्टरचाच गिअरचा दांडा, त्याच्या आत कसल्या कसल्या तारा, आणि पायाखाली एक लोखंडी जाळीचा पायटा. तो पायटा ओळखीचा वाटतो म्हणून मी निरखत होतो, तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन आली आणि जागच्या जागी थिजली. "अहो! ही तर माझी शिलाई मशीन!" ऐन लगीनसराईत बायकोच्या मशीनचा पाय काढून यांनी विमानाला लावला होता. साडू शांतपणे म्हणाले, "तुला मोटर बसवून देतो." आणि खरंच दिली. आता मेहुणीची मशीन अशी सुसाट पळते की झंपरचं कापड मशीनखाली घालायला धीर लागतो.

विमान त्यांनी विकत घेतलेलं नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. त्या खेळात विमान सुट्या भागांतून स्वतः बांधायचं असतं, आणि प्रत्येक भागाला खरं वजन, खरा वारा. साडूंनी दीड वर्ष खपून पत्रा पत्रा जोडला. शेपटीवर एमएच बारा घातलं. दसऱ्याला स्क्रीनला झेंडूचा हार घातला आणि खेळातल्या विमानाच्या नाकाखाली लिंबू-मिरची बांधली. ती बाहेर नव्हे हं, आत, विमानाला! झालं, दुसऱ्या दिवसापासून विमान डावीकडं ओढायला लागलं. साडूंची झोप उडाली. पंख मोजले, टाक्या मोजल्या, शेवटी कळलं की लिंबू जरा एका अंगाला बसलंय आणि त्याला वारा लागतोय. दुसऱ्या कुणी लिंबू काढून टाकलं असतं. साडूंनी उजव्या अंगाला आणखी एक लिंबू बांधलं. इंधनाच्या बाबतीत तर त्यांचं सोवळं विचारूच नका. वीस मिनिटांत टाकी रिकामी होते. त्या खेळात एक बटण असतं, ते दाबलं की इंधन कधी संपतच नाही. ते दाबा की, असं मी एकदा सुचवलं, तर साडूंनी मी देवळातली समई उचलायला सांगितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "ही चोरी झाली, पाव्हणं. तेलाबिगर फकस्त पतंग उडतो."

हे वेड वखारीत राहिलं असतं तरी चाललं असतं. एकदा आम्ही तळेगावाहून शिरूरला जीपनं निघालो. जीप भरली, ड्रायव्हर चावी फिरवणार, तोच साडू खाली उतरले, दहा पावलं मागे जाऊन डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "मागनं बसलीय." मग एका धिप्पाड मामींना त्यांनी पुढं बसवलं, पुढच्या दोन कॉलेजकुमारांना मागं धाडलं, एका आबांची भाजीची पाटी टपावरून उतरवून मधोमध ठेवली. लोक शिव्या देत होते, मी ओळख नसल्यासारखा ऊस बघत होतो. पण काय सांगू, शिरूरपर्यंत जीप एकदासुद्धा उडली नाही! उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "काका, उद्या पन या."

अशा या माणसाशी आमचे सासरे अठरा वर्षं बोलत नव्हते. सासरे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, दौंडलाच निवृत्त झाले. धाकट्या लेकीच्या लग्नात रुखवतात मांडायला म्हणून त्यांनी पुठ्ठा आणि पत्रा कापून स्वतःच्या हातानं डिझेल इंजिन केलं होतं. दोन महिने राबले होते बिचारे. रुखवताभोवती ही गर्दी! तेवढ्यात नवरदेव आले. मुंडावळ्या बाजूला सारून वाकले, बोटानं काहीतरी मोजलं, आणि भर मांडवात म्हणाले, "मामा, ह्याला दोन चाकं कमी हायेत. बारा पायजेत, दहाच हायेत." सासऱ्यांनी मोजली. दहाच होती. चूक खोटी निघाली असती तर माफ झाली असती, खरी निघाली तिथंच घात झाला. त्या दिवसापासून सासऱ्यांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. साडू समोर ताटावर बसलेले असायचे आणि सासरे मला म्हणायचे, "जावईबापू, त्यांना म्हणावं, भाजी घ्या." मी नसलो तर भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायचे. साडू मात्र दर वेळी सरळ उत्तर द्यायचे, "व्हय मामा." मला, खोटं कशाला बोलू, हे आवडायचं. लाडका जावई एकच आणि तो मी, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? एकदाच साडू माझ्याजवळ बोलले, "चाकांचं बोलायला नको व्हतं, पाव्हणं." मग उठता उठता म्हणाले, "पन दहाच व्हती ओ."

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसेनासं झालंय, हळूहळू समोरचंही जाईल, गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रोज संध्याकाळी दौंडच्या फलाटावर बाकावर बसून गाड्या बघायचा त्यांचा नेम होता, तो सुटला. सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून मेहुणीनं त्यांना तळेगावला आणलं. तिथं ते दिवसभर खाटेवर बसून राहायचे. आणि एक दिवस साडूंचा मला फोन आला. साडूंचा फोन! "मामांचं डोळं हायेत तवर त्यांना दौंड दावायचं. वरनं. यार्ड, भीमेवरला पूल, समदी लाईन." खेळातला नकाशा खराखुरा होता, कुरकुंभच्या माळावर साडूंनी स्वतःची धावपट्टीही आखली होती. अडचण एकच. विमान उडायचं झोकात, उतरायचं मात्र नाव नाही. दर वेळी धावपट्टीवर आपटून चिंधड्या. "अठरा वर्सांनी मामांना शेजारी बसवायचं आन् आपटायचं व्हय?" साडू म्हणाले.

पुढच्या रविवारी जेवण करून मी आणि साडू वखारीत गेलो. साडू सरावाला बसले. विमान माळावर आलं, खाली आलं, आणि धाडकन! मागे दारात काठीचा आवाज झाला. सासरे उभे होते. "जावईबापू, त्यांना इचारा, ह्यांचा असिस्टंट कुठंय?" मी विचारलं. साडू म्हणाले, "फायटरला एकच सीट अस्तंय, मामा." सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, मग आपटनारच. रूळ बघायचा का मीटर बघायचा? एका मान्साला दोन्ही व्हत न्हाई." मग कांद्याच्या गोणीवर बसून त्यांनी मला, म्हणजे साडूंना, इंजिनावरची रीत सांगितली. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात वर करून मोठ्यानं बोलायचा, असिस्टंटनं तोच शब्द मोठ्यानं परत बोलायचा. असिस्टंट आधी बोलला तर ड्रायव्हरनं परत बोलायचा. केबिनमध्ये दोघंच असले तरी ओरडायचं. "बोललं न्हाई म्हंजी बघितलंच न्हाई," सासरे म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

दोन आठवडे साडूंचा पत्ता नाही. मग निरोप आला, "रविवारी या. इमान दोन सीटचं केलंय." पठ्ठ्यानं दीड वर्षाचं विमान मधोमध कापून लांबवलं होतं! नाक लांब झालं तर शेपूट उचलायला लागली, म्हणून टाकी मागं सरकवली, टाकी सरकवली तर पंख पुढं पडले, पंख हलवले तर दोन्ही लिंबं परत बांधावी लागली. वखारीत ट्रॅक्टरच्या सीटशेजारी सासऱ्यांची आरामखुर्ची आली होती, आणि त्यांना समोरचं तेवढंच दिसतं म्हणून बरोबर नाकासमोर एक जुना टॅब टांगला होता. टॅबभर एकच काटा, वेगाचा. सासरे खुर्चीत बसले. मी मध्ये उभा, दुभाषा.

विमान उठलं ते असं उठलं की मी कांद्याची गोणी धरली! कुरकुंभचा माळ मागं पडला, शेतं, कालवा, आणि आलं की हो दौंड! सासरे खुर्चीतून पुढं वाकले, नाक स्क्रीनला टेकायचं बाकी राहिलं. "यार्ड... अरं, हे माझं यार्ड. तो पूल. जावईबापू, त्यांना सांगा, जरा थांबवा." आता लढाऊ विमान थांबवणार कसं? साडूंनी ते यार्डावर गोल गोल फिरवलं. सासरे बोटानं आपलं जुनं रेल्वे क्वार्टर शोधत होते आणि ते सापडलं तेव्हा लहान पोरासारखे हसले. पण टाकी संपत आली. साडूंनी विमान माळाकडे वळवलं. कपाळावर घामाचे थेंब. सासऱ्यांनी टॅबकडे बघितलं. "जावईबापू, त्यांना सांगा, वेग चारशे." मी म्हटलं, "पाव्हणं, मामा म्हणतायत, वेग चारशे." तोवर काटा तीनशे ऐंशीवर. "त्यांना सांगा, तीनशे ऐंशी." मी सांगेपर्यंत धावपट्टी समोर! माझी जीभ अडखळायला लागली, जमीन भसाभसा वर येत होती, आणि सासऱ्यांचा इंजिनावरचा तो जुना आवाज वखारीत फुटला, "अहो पाव्हणं, वेग! वेग जास्त हाय, वडा मागं!"

"वेग जास्त!" साडू ओरडले आणि दांडा ओढला.

"तीनशे!" "तीनशे!" "दोनशे ऐंशी!" "दोनशे ऐंशी!" दोघांचेही हात वर, दोघंही घसा फोडून ओरडतायत, मेहुणी काय झालं म्हणून पीठभरल्या हातांनी धावत आली, आणि मीही कुणी न विचारता "दोनशे साठ! दोनशे साठ!" करतोय. मागची चाकं टेकली. विमानानं एक उसळी घेतली, पुन्हा टेकलं, पुढचं चाक टेकलं, धावलं, धावलं आणि थांबलं. अख्खं! साडू दांडा सोडायलाच तयार नव्हते. मग सासऱ्यांनी घसा साफ केला आणि सरळ त्यांच्याकडे वळून विचारलं, "पाव्हणं, चाकं किती हायेत ह्याला?"

"तीन, मामा."

"कमी वाटत्यात," सासरे म्हणाले, आणि खदखदून हसले. साडूंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. त्या दिवशी जेवताना सासरे म्हणाले, "पाव्हणं, भाजी घ्या." माझी अठरा वर्षांची नोकरी सुटली. थोडं लागलं मनाला, पण खरं सांगतो, आनंदच जास्त झाला.

याला आता सात-आठ महिने झाले. सासऱ्यांची समोरची नजरही गेली. मला वाटलं, विमान बंद पडलं असणार. मागच्या रविवारी गेलो तर वखारीतून कुणाचं तरी अखंड बोलणं ऐकू येत होतं. आवाज साडूंचा! "उजव्या हाताला भीमा, मामा. पाणी कमी हाय. पुलावर गाडी न्हाई." आणि आरामखुर्चीतून हात वर करून सासरे म्हणत होते, "पुलावर गाडी न्हाई." "यार्ड आलं." "यार्ड आलं." "तुमचं क्वार्टर. दारात कुनीतरी वाळवान घातलंय." असलं काही त्या नकाशात दिसत नाही, मला माहीत आहे. मेहुणी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तास होत आला, दाजी. चहा दोनदा गरम केला."

तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, "पाव्हणं, डिझेल किती राह्यलं?"

"भरपूर हाय, मामा."

मी टाकीचा काटा बघितला. टाकी काठोकाठ भरलेली होती आणि काटा जागचा हलत नव्हता. साडूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं. मी आपला कांद्याच्या गोणीवर बसलो.

"मग क्वार्टरवरनं आणखी एक चक्कर मारू," सासरे म्हणाले.

"डावीकडं वळतोय, मामा."

"डावीकडं वळतोय," सासऱ्यांनी हात वर केला.