काठावर नितेशला कोणी मारलं?

माझी बायको वैशाली या ग्रुपवरचे अनुभव जेवताना वाचून दाखवायची आणि मी हसायचो. पुलगावला माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. मोटर बंद पडली की कुठेतरी तार तुटलेली असते, फ्यूज उडालेला असतो... कारण सापडतंच. भूत, चकवा, बाहेरची बाधा, यातलं काहीच मी मानत नव्हतो. आजही मानतो असं नाही म्हणणार. पण हसणं मात्र बंद झालंय. तेवढ्यासाठीच लिहितोय.

माझा साळा नितेश रोहण्याकडे शेती करतो. वैशालीपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, अंगाने काटक, स्वभावाने एकदम थंड. त्याच्या एका मित्राचं शेत धरणाच्या बॅकवॉटरला लागून आहे. हिवाळ्यात तिथे पाणी अगदी बांधापर्यंत येतं, पलीकडे टेकड्या, काठाला पळसाची झाडं, सकाळी पाण्यावर धुकं. नागपूर-अमरावतीची पोरं तिथे येऊन फोटो काढायची. ते पाहून नितेशच्या डोक्यात कॅम्पिंगचं आलं. चार टेंट, शेकोटी, रात्रीला रोडगे आणि वांग्याची भाजी, सकाळी चहा-पोहे. त्याने टेंट मागवले, मित्राला तयार केलं आणि मला म्हणाला, लाइटचं तुम्ही पाहा. मलाही ते पटलं होतं. सोलरच्या माळा काठाने कशा लावायच्या याचं चित्र मी त्याला कागदावर काढून दिलं होतं. आमच्यात कधी साधी बाचाबाचीही झाली नव्हती, हे इथेच सांगतो. पुढे त्याला अर्थ आहे.

लोकांना बोलवायच्या आधी आपणच एक रात्र राहून पाहू असं ठरलं. जानेवारी महिना. मी, वैशाली आणि नितेश, तिघंच. रात्र इतकी छान गेली की काय सांगू. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे खाल्ले, तुपाचे हात शेकोटीवर शेकले, गप्पा मारत झोपलो. कोल्हेही ओरडले नाहीत. अशा गोष्टींत जे काही घडतं ते रात्री घडतं... आमचं सकाळी घडलं. लख्ख उन्हात.

धुकं विरून गेलं होतं. वैशाली वरच्या अंगाला, विटांच्या चुलीवर चहा करत होती. मी तिच्यापासून थोडा खाली उभा राहून माळेची वायर गुंडाळत होतो. वेटोळं डाव्या हातात, उजव्या हाताने वायर ओढायची, असं. नितेश खाली पाण्याजवळ टेंटच्या खुंट्या उपटत होता. माझ्यात आणि त्याच्यात चांगलं वीस-पंचवीस पावलांचं अंतर असेल, मधे फक्त वाळलेलं गवत आणि चिखल. कोणी लपेल असं झुडूपसुद्धा नाही.

तो खुंटी उपटायला वाकला आणि एकदम बाजूला फेकला गेला. मला वाटलं खुंटी सटकली, तोल गेला. तो उठून बसला, गालाला हात लावला, आणि समोर पाहू लागला — जवळ कोणी उभं असल्यावर मान वर करून पाहतो ना, तसा. मग त्याचं डोकं मागे गेलं. आवाज आला. ओल्या पोत्यावर दांडा मारल्यासारखा. त्याच्या ओठातून रक्त आलं ते मला इतक्या लांबून दिसलं.

मी उभाच. हे काय चाललंय ते कळायलाच वेळ लागला. त्याच्या पोटात काहीतरी बसलं आणि तो दुमडला. पाठीत बसलं आणि तो पालथा पडला. प्रत्येक वेळी आधी त्याचं अंग हलायचं आणि मग तो आवाज. त्याच्या आजूबाजूला कोणीही नव्हतं. तो दोन्ही हात डोक्यावर घेऊन ओरडत होता, "भाऊजी... भाऊजी, नका... भाऊजी..."

मला वाटलं तो मला मदतीला बोलावतोय.

मग तो ओढला जाऊ लागला. त्याच्या स्वेटरची मान मागून वर ताणली गेली होती, मुठीत धरल्यासारखी, आणि तो पाठीवर घसरत पाण्याकडे चालला होता. टाचा चिखलात रुतवत होता. दोन लांब चऱ्या पडल्या तिथे. पाण्यात गेल्यावर त्याचे केस डोक्यावर उभे झाले, डोकं वर उचललं गेलं आणि खाली दाबलं गेलं. परत वर. परत खाली. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. लाल झालं होतं.

वैशालीच्या किंकाळीने माझे पाय सुटले. वायर टाकली आणि धावलो. पाण्यात शिरून मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि त्याच क्षणी सगळं थांबलं. दाब गेला. तो वर आला, पाणी ओकला, माझ्याकडे पाहिलं... आणि माझ्यापासून दूर, खोल पाण्याकडे सरपटत जाऊ लागला. मी हात पुढे केला की तो आणखी आत. शेवटी वैशालीने त्याला पकडून बाहेर काढलं. तिला तो लहान पोरासारखा चिकटला होता.

टेंट, सामान, चुलीवरचा चहा, सगळं तसंच टाकून आम्ही निघालो. मी गाडी चालवत होतो, तो मागच्या सीटवर बहिणीच्या मांडीवर. आरशात माझी नजर त्याच्यावर गेली की तो डोळे मिटून घ्यायचा. मला वाटलं, शुद्धीवर नाही.

आर्वीच्या एका दवाखान्यात नेलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, गालाच्या हाडाला चीर, समोरच्या दाताचा तुकडा उडालेला. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आम्हाला विचारलं, काय झालं. वैशाली म्हणाली, पडला. डॉक्टर म्हणाले, पडल्याने असं होत नाही, याला कोणीतरी हाताने मारलंय. आणि मग शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा हात दाखवा."

तोपर्यंत मी माझ्या हाताकडे पाहिलंच नव्हतं. उजवा पंजा सुजून फुगला होता. बोटांच्या मुळाशी कातडी सोलली होती आणि मधल्या बोटाच्या हाडावर एक खोल जखम होती. दुखतही नव्हती. डॉक्टरांनी चिमट्याने तिच्यातून काहीतरी पांढरं काढून ट्रेमध्ये टाकलं.

दाताचा तुकडा होता. नितेशचा.

पोलीस विचारायला आले तेव्हा नितेशने सांगितलं की दगडावरून घसरलो, कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्यांना ते पटलं नसावं, पण जखमीच नाही म्हणतोय म्हटल्यावर ते गेले. बहिणीला मात्र त्याने दोन दिवसांनी खरं सांगितलं... म्हणजे त्याचं खरं. तो म्हणाला, भाऊजींनी मारलं. खुंटी उपटत होतो, मान वर केली तर भाऊजी समोर उभे.

माझे सासरे दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. वैशाली माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "म्या माह्या डोयानं पाह्यलं, बाबा. त्यायच्या दोन्ही हातात वायर होती. हे माह्याजवळ उभे होते."

सासऱ्यांनी माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मंग हातात दात कोठून आला?"

लोकांनी सुचवलं की त्याला पाण्यातून काढताना दात लागला असेल. पण मी फक्त खांद्याला हात लावला होता, आणि बंद मूठ केल्याशिवाय हाडावर दात बसत नाही. आम्हाला त्या जागेबद्दलही काही सापडलं नाही. मित्राच्या वडिलांना विचारलं, आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारलं. कोणी बुडालेलं नाही, कोणी फास घेतलेला नाही, कसली गोष्टच नाही. त्या बांधावर लोक आजही बैल धुतात. मी नागपूरला जाऊन मेंदूची तपासणी केली. सगळं नॉर्मल. फीट नाही, काही नाही.

सासरी माझं जाणं बंद झालं. वैशाली एकटी जायची आणि रडून यायची. एकदा रात्री मी तिला विचारलं, तुझा खरंच विश्वास आहे ना माझ्यावर? ती म्हणाली, डोळ्यांवर आहे. मग कूस बदलून झोपली. उशीखालचा हात तिने काढून माझ्या हातात दिला नाही, जसा एरवी द्यायची.

दोन दिवाळ्या गेल्या. तिसऱ्या भाऊबीजेला नितेश स्वतःहून आमच्या घरी आला. ओवाळून घेतलं, जेवायला बसला. मी त्याच्या ताटात भाजी वाढायला हात पुढे केला तर त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला. वैशाली आत पोळ्या करत होती. मी डाव थाळीत ठेवला आणि पहिल्यांदाच त्याला तोंडावर विचारलं की तुला नेमकं काय दिसलं.

तो ताटाकडेच पाहत राहिला. म्हणाला, "तुमीच होते, भाऊजी. हेच तोंड, हाच आवाज. पण तुमी मारता मारता रडून राह्यले होते. मलेच म्हणून राह्यले होते... पकड मले नितेश, पकड. म्या पकडाले गेलो तं हातात काईच येत नव्हतं."

मी त्या सकाळी रडलो नव्हतो. निदान मला तरी तसं आठवत नाही. इथे अनेक जाणकार आहेत, त्यांनी काही अर्थ लावला तर मी वाचेन. पण आता मला त्याची फारशी आशा नाही. मी सगळ्या तारा तपासून बसलोय.

निघताना नितेश नेहमीसारखा पाया पडायला वाकला. आशीर्वाद द्यायला त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.