वाटेवरची भिंत
कालवलेल्या चुन्याचा उग्र वास आला की मला महाडचं आमचं परसदार आठवतं. पोलादपूरकडे मोटारी जायला लागल्या तशी नवी घरं त्या रस्त्याच्या कडेने उठू लागली, आणि वडिलांच्या मित्राने, म्हणजे काकांनीही, आमच्या परसामागे तिथेच घर बांधायला काढलं. त्यांच्या दगडाच्या गाड्या जाव्यात म्हणून वडिलांनी परसाच्या दगडी कुंपणाचा गडगा पाडला, त्यात आईची अबोलीही गेली. बोली एवढीच होती की ही वाट कायम उघडी राहील आणि आम्हालाही थेट मोटाररस्त्यावर जाता येईल. वास्तुशांतीला आई दिवसभर त्यांच्या चुलीपुढे होती. निघताना काकूंनी पातेलंभर खीर दिली. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून दुसऱ्या सकाळी आईने त्यात नारळाच्या वड्या घालून मला पाठवलं, तर वाटेच्या टोकाला गवंडी भिंत घालत होता. "हितनं आता वाट नाय गो, बाजारातनं फिरून जा," तो म्हणाला. पलीकडे काका उभे होते. "वस्ती वाढली, आता कोणीही ये-जा करतं. बाबांना सांग, रागावू नका म्हणावं," असं म्हणत त्यांनी पातेल्यासाठी हात पुढे केला. मी ते न देताच घरी आले आणि सगळं सांगितलं.  आईने वड्या ताटलीत काढल्या, पातेलं पुन्हा माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता जा, बाजारातून फिरून जा." तिकडे आज गल्ल्याच गल्ल्या आहेत, त्यातल्या निम्म्या कुणाच्या तरी भिंतीशी संपतात. आमच्या घरातून रिकामं भांडं गेलं ते मात्र तेवढं एकदाच.