गेरलिंडेबाईंनी झाकलेलं साल

दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पाठोपाठ ओबरवित्झची लोकरीची गिरणी बंद पडली. तेव्हा गेरलिंडे पोले चाळिशीत होत्या. गावात उरलं होतं एक चर्च, एक तळं आणि पाद्र्याचं जुनं घर. त्या घरात एक थोर तत्त्वज्ञ जन्मला म्हणून तिथं संग्रहालय होतं. गेरलिंडेबाई तिथं राखणदार म्हणून लागल्या. तत्त्वज्ञाची पुस्तकं त्यांच्या डोक्यावरून जात, पण फरशी त्या लख्ख ठेवत.

दुसऱ्याच हिवाळ्यात जन्मखोलीतली जळमटं काढताना तुळईवर कोरलेलं साल त्यांना दिसलं. घर बांधलं तेव्हाचं. तत्त्वज्ञाच्या जन्माच्या तब्बल अठरा वर्षं नंतरचं. म्हणजे तो इथं जन्मलाच नव्हता. बाई शिडीवरून खाली उतरल्या आणि चुन्याची बादली घेऊन आल्या.

पुढची अठ्ठावीस वर्षं शाळांच्या बस येत राहिल्या. पोरं तत्त्वज्ञाचा म्हणून मांडलेल्या पाळण्याभोवती गर्दी करत, मास्तरमंडळी समोरच्या डोर्टंच्या बेकरीत कॉफी नि आलुबुखारचा केक खात.

मग दुरुस्तीच्या पाहणीसाठी विद्यापीठातून व्हीबके टाम नावाची संशोधक आली. तिनं तुळई खरवडली.

"बाई, हा चुना कुणी लावला?"

"मी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग असं का केलंत?"

"गिरणी गेली आणि आमचे हे खिडकीपाशी बसले, ते बसलेच. गावातले निम्मे बाप्ये तसेच बसलेले. त्यांना काय सांगू, आता हेसुद्धा खोटं म्हणून?"

"मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहा की. तुमचं कामच ते."

वसंतात संग्रहालय बंद झालं आणि सगळं सामान शहरात गेलं. पाळणाही गेला. खोटेपणाबद्दल गावात कुणी बाईंना बोललं नाही. बोलली ती बेकरीवाली डोर्टं, आणि भलत्याच गोष्टीवरून.

"इतकी वर्षं तोंड शिवलं होतंस ना? मग त्या पोरीपुढंच कशाला उसवलंस?"

पानगळीत बेकरीला कुलूप लागलं. रविवारची बसही बंद झाली.

हांबुर्गहून मुलीचा, झिल्केचा फोन येतो. "आई, आता तरी ये गं इकडं."

"बघू," बाई म्हणतात. नवरा इथल्याच दफनभूमीत, म्हणून त्याही इथं, एवढंच आता ठरलेलं.

सकाळी नऊला त्या कोट चढवतात, बटणं लावतात. मग जायला कुठंच नाही हे ध्यानात येऊन पुन्हा एकेक सोडतात.