फारुखभाईंची पहिली पुडी

भातकुलीचे फारुखभाई दम्याचं औषध देत. नवी दवा तयार झाली की पहिली पुडी ते रोग्यांच्या देखत स्वतः घेत. त्यांना दमा नव्हता. "जे मी नाई खाणार, ते तुमाले कावून देऊ?" म्हणायचे. आजोबांपासूनची ही रीत. दम्याचे तीन हिवाळे मीही त्याच पुडीवर काढले. कापसानं कंबरडं मोडलेल्या त्या वर्षांत मोठा दवाखाना परवडत होता कोणाला?

दवेत शुद्ध केलेला संखिया असे. संखिया म्हणजे आर्सेनिक, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला ठाऊक होतं. चिमूटभरानं काय होतं, असं मीच लोकांना सांगायची. त्या अकलेचा अजून राग येतो.

२००६ साली फारुखभाईंच्या तळहातांवर ज्वारीच्या कण्यांसारखे कडक दाणे उठले. त्यातल्या एकाची जखम झाली, ती भरेना. अकोल्याला तपासलं तर कॅन्सर निघाला. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांची मुलगी हीना त्यांना समजावत होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी, अमरावतीला जीवरसायन शिकत होती.

"अब्बा, जीन जागच्या जागीच राह्यते. पण तो चालू ठेवाचा का बंद, हे ठरवणाऱ्या खुणा संखियानं बदलतात. वाढ थांबवणारा जीनच बंद पडला, तर पेशी वाढतच जाते. दवा सोडल्यावर कित्येक वर्षांनीही हे निघू शकते."

फारुखभाईंनी तळहात मिटले. मग म्हणाले, "अन् ज्यायनं माह्या हातची खाल्ली, त्यायचं काय?"

त्यांनी दवा बंद केली आणि घरोघर जाऊ लागले. जुने रोगी खुशालराव तर दवा का बंद केली म्हणून अंगावर धावून आले. फारुखभाईंनी आपले तळहात पुढे केले. "आता तुमचे दाखवा," म्हणाले.

दर दिवाळीनंतर ते माझ्याकडेही येत. दोन्ही तळहात उजेडात धरून बोट न् बोट चाचपत. "साफ हाय, बाई," म्हणत आणि मगच चहा घेत. पाच वर्षं आले. सहाव्या वर्षी गेले.

त्या हिवाळ्यात हीना आली. वडिलांप्रमाणेच तिनं माझे हात उजेडात धरले. डाव्या तळहातावर तिचा अंगठा थांबला.

"बाई, उद्या अकोल्याले जाऊ."

मी बरं म्हटलं आणि चहा ठेवायला उठले. फारुखभाईंना हे बघावं लागलं नाही, याचंच मला बरं वाटत होतं.